रांगोळीचा संडास

पळसटोल्यात रुखमाबाईच्या अंगणात पाय टाकायला कोंबड्यासुद्धा बिचकत. सकाळी सडा, सडा वाळला की सारवण, सारवण वाळलं की गारगोटीच्या पिठाची रांगोळी, आणि त्या रांगोळीवर कुणाचा पाय पडला तर संध्याकाळपर्यंत त्याचा उद्धार. नवरा जाऊन बावीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात बोलायला माणूस नाही. बाईने जमिनीशीच संसार मांडला होता म्हणा ना. पन्नाशीला आली होती, पण शेणाचा पोतेरा घेऊन बसली की गावातल्या तरण्या सुना लाजेने आपल्या अंगणाकडे बघत.

अशा बाईच्या घरी एकोणीसशे पंचावन्न सालच्या पावसाळ्यात इंदुताई राहायला आल्या. इंदुताई म्हणजे शाळेवर आलेल्या नव्या मास्तरीण. वर्ध्याकडच्या, वय तेवीस, लग्न व्हायचं. धानोऱ्याच्या वाटेवरच्या या जंगलातल्या गावाने बाई मास्तर कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे तिला ठेवायचं कुठे यावर पंचांनी दोन दिवस तंबाखू मळली. शेवटी भैयाजींनी तोडगा काढला. भैयाजी हे रुखमाबाईचे थोरले दीर, गावचे पंच, सत्तरीचा माणूस. त्यांनी अंगणात उभं राहून नातीला सांगितलं, "सुकरे, तुह्या लहान आजीले सांग, मास्तरीणबाई तिच्या घरी राह्यतीन म्हना. तिलेही सोबत होईन."

लहान आजी म्हणजे रुखमाबाई समोरच उभी होती, सगळं ऐकत. पण थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे गेली पस्तीस वर्षं या दोघांचं सगळं बोलणं मधल्या कुणाच्या तरी तोंडून चाले. हल्ली ते काम दहा वर्षांच्या सुकरीकडे होतं. सुकरी जवळ नसली तर भैयाजी बैलाला सांगत आणि रुखमाबाई चुलीला. निरोप मात्र बरोबर पोचत.

पहिले चार दिवस रुखमाबाई नुसती धुसफुसत होती. मास्तरीणबाई पुस्तकं भुईवर पसरते, केस विंचरून गुंतवळ खिडकीत ठेवते, भाकरी अर्धी खाऊन उठते. पाचव्या दिवशी इंदुताई शाळेतून उशिरा आल्या तर ही बाई जेवायची थांबलेली. आपण का थांबलो, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोळा येईपर्यंत शाळेत 'ताई, तुमी' आणि घरात 'खा व पोरी, काऊन उठली' असं दुहेरी बोलणं सुरू झालं होतं, आणि इंदुताईही तिला मावशी म्हणू लागल्या होत्या. एकटीने जेवायची बावीस वर्षांची सवय दोन महिन्यांत मोडली. मोडलेली बरी वाटली, याचाच रुखमाबाईला मनातून धाक वाटायचा.

शाळेतही फरक पडला. आधी तीन मुली यायच्या, त्याही धाकटी भावंडं कडेवर घेऊन. बाई मास्तर आली म्हटल्यावर आयांनी मुली पाठवायला सुरुवात केली आणि दसऱ्याच्या आधी एकोणीस झाल्या. पण बाई मास्तरसोबत वरून एक अटही आली होती. पलीकडच्या एका गावातली मास्तरीण पहाटे जंगलात बसायला गेली असताना अस्वल मागे लागलं, पळता पळता तिचा पाय मोडला आणि बाप येऊन तिला घेऊन गेला. तेव्हापासून साहेब लोकांनी ठरवलं होतं की ज्या शाळेत मुलींचा संडास चालू असेल तिथेच बाई मास्तर राहील. नसेल तर तिची बदली. अट चुकीची होती असं कुणी म्हणू नये. अस्वल काही मास्तरीण बघून सोडत नाही.

गावाने बांबू दिले, गवत दिलं, दोन पुरुषांच्या उंचीएवढा खोल खड्डा खणून दिला. चामोर्शीच्या इब्राहीम मिस्त्रीने खड्ड्यावर ऐनाच्या लाकडाच्या फळ्या बसवल्या, मधल्या भोकाला दांडीचं लाकडी झाकण केलं, बांबूच्या ताट्यांना माती लिंपून भिंती उभ्या केल्या आणि आतून कडी लागणारं दार बसवलं. जाताना सांगून गेला, "झाकण लागलं पाहिजे, राख पडली पाहिजे, फळीवर पाणी थांबलं नाही पाहिजे. एवढं केलं तर दहा वर्षं बघायला नको."

हे करणार कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळं गाव आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागलं. घाण करताना सगळ्यांची असते; साफ करायची वेळ आली की तिला लगेच जात फुटते. इंदुताई म्हणाल्या, "मी करीन." रुखमाबाईच्या मनात आलं, दिवसभर पोरांशी घसा कोरडा करायचा आणि वरून हे, असं ही पोर किती दिवस टिकणार?

"तुमी शिकवा ताई," ती म्हणाली. "झाडझूड माह्याकडे."

संध्याकाळी भैयाजी अंगणात आले. चेहरा उतरलेला होता. "सुकरे, तुह्या लहान आजीले सांग, आपल्या घरच्या बाईनं असलं काम आजवर केलं नाई. उद्या लोक तिच्या हातचं पानी पितीन का, इचार म्हना."

रुखमाबाईला हे लागलं, कारण भैयाजी वाईट माणूस नव्हते. नवरा गेल्यावर भावाच्या वाट्याची धानाची बांधी त्यांनी तिला न मागता वेगळी काढून दिली होती. त्यांच्या नजरेतून उतरणं तिला परवडणार नव्हतं. ती चुलीतली लाकडं पुढे सारत म्हणाली, "सुकरे, आजोबाले सांग, माह्या देव्हाऱ्यात आन् त्या खोलीत कोनाले फरक दिसला, तं मंग बोला म्हना."

भैयाजी आल्या पावली परतले. रुखमाबाईने मात्र जे तोंडातून काढलं ते तडीला न्यायचं ठरवलं, आणि ती ठरवते म्हणजे काय हे गावाला ठाऊक होतं.

रोज सकाळी इंदुताई उजाडायच्या आत कंदील घेऊन संडासात जाऊन येत. त्यांच्यामागून रुखमाबाई जाई. फळ्या झाडायची, पाण्याचा हात मारायची, कडेची भुई शेणाने सारवायची. भिंतीला गेरू, कोपऱ्यात राखेचा डबा, राख घ्यायला नारळाची करवंटी, बाहेर पाण्याचा रांजण आणि हात धुवायला वेगळी चाळलेली राख. ताट्यांना उधई-वाळवी लागते का, हे नखाने टोकरून बघायची. सगळं झालं की दारासमोर रांगोळी. आधी चार ठिपक्यांची, मग आठांची, मग कमळं, मग मोर. उंबरठ्याला हळदीकुंकवाची बोटं.

मधल्या सुट्टीत इंदुताई मुलींना दोघी-दोघी पाठवत. रुखमाबाई रांजणाजवळ बसलेली असे, संडासाकडे पाठ करून. बाईमाणूस तांब्या घेऊन निघालं की त्याच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, वाटेत भेटलं तरी ओळख दाखवायची नाही, हे त्या मुलखात लेकराला चालण्याआधी कळतं. मुली मागून येऊन हात पुढे करत, ही पाणी घाली, राख देई, नखं बघे. मग पुढच्या दोघी.

तीन महिने गेले आणि खोली जशीच्या तशी. ना वास, ना माशी, ना चिखलाचा एक पाय. रांगोळीसुद्धा मुली जपून ओलांडतात, असं तिला वाटे. रुखमाबाई नदीवर, दळताना, भात कापताना हेच सांगू लागली. शेजारच्या गावच्या बाया बाजाराच्या दिवशी वाट वाकडी करून बघायला आल्या. एक दिवस भैयाजी स्वतः आले. दारापाशी वहाणा काढल्या, मान आत घालून चारी भिंती पाहिल्या आणि निघून गेले. त्या दिवशी रुखमाबाईने गोड केलं. इंदुताईंनी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणे, "असंच."

मार्गशीर्षात, खळ्यावर धान पडलेलं असताना, गुणवंतराव साहेब सायकलवरून तपासणीला आले. शाळा बघण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस सज्जन, पण मोजल्याशिवाय विश्वास न ठेवणारा. त्यांनी रांगोळी पाहिली, तोंडभर "वा" म्हणाले, आणि नकळत त्यांनीही बूट काढले. रुखमाबाई पदर सावरून उभी होती. मग साहेबांनी एक लांब बांबू मागवला, झाकण उचललं आणि बांबू खाली सोडला.

वर काढला तर टोकाला जेमतेम बोटभर ओल. बाकी कोरडी राख.

"ताई, मुली किती म्हणालात?"

"एकोणीस."

"आणि तीन महिने झाले." साहेबांनी बांबू पुन्हा घातला, पुन्हा काढला. "हा वापर एका माणसाचा आहे."

इंदुताई लाल झाल्या, कारण तो एक माणूस कोण हे त्यांना कळलं. साहेब ताटीला वळसा घालून मागे गेले. मागच्या बाजूला, रांजणाजवळ पाठ करून बसलेल्या माणसाला कधीच दिसणार नाही अशी, गवतातून एक चांगली मळलेली पायवाट होती. ती सरळ नाल्याकडच्या झुडपात जात होती. एकोणीस मुलींनी तीन महिने तुडवली होती.

सगळ्या मुली खाली बघत उभ्या राहिल्या. इंदुताईंनी सुकरीला जवळ घेऊन हळूच विचारलं. सुकरी आधी रडवेली झाली, मग म्हणाली, "ताई, त्या रांगोळीवर पाय कसा ठेवाचा? हळद-कुंकू हाय तिथी. पाप लागन ना."

"आणि आत?"

"आतमंदी तं अजूनच साफ हाय. लहान आजीनं एवढं सारवलं, तिथी कसं बसाचं?" मग तिने जरा धीर करून मागच्या मुलीकडे बोट केलं. "हे सोमारी तं तिथी फुलं वाहाते. सायमाही परीक्षेत पास होऊ दे म्हनते."

सोमारीने मान डोलावली. पास झाली होती ती, त्यामुळे तिची श्रद्धा पक्की होती.

गुणवंतरावांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. "बाई," ते रुखमाबाईला म्हणाले, "तुमच्यासारखी राखण मी जिल्ह्यात पाहिली नाही. पण हा संडास नाही झाला, हे देऊळ झालं. मला चालू संडास लिहून द्यायचाय. बरोबर आठ दिवसांनी येतो. तेव्हाही हेच असेल तर ताईंना चामोर्शीकडच्या शाळेत पाठवावं लागेल. तिथे वापरात असलेला संडास आहे आणि मुली बाईची वाट बघतायत. खोटं मी लिहिणार नाही."

सायकल दिसेनाशी झाली तरी रुखमाबाई तिथेच उभी होती. कुणी तिला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. जिच्यासाठी हे काम अंगावर घेतलं, तीच या कामापायी जायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी रांगोळी घातली नाही. हळदीकुंकू पुसलं. इंदुताईंनी मुलींना बसवून समजावलं, की ही खोली त्यासाठीच आहे, पाप-बिप काही नाही, उलट नाल्याकडे जाण्यातच साप-विंचवाचं भय आहे. मुलींनी "हो ताई" म्हटलं. सुट्टीत दोघी गेल्या, दाराशी थबकल्या आणि ताटीच्या मागून नाल्याकडे. तीन महिने जिथे हात जोडले तिथे एका पोतेऱ्याने काय पुसणार? तिसऱ्या दिवशी इंदुताई स्वतः भर सुट्टीत सगळ्यांसमोर जाऊन आल्या. मुली आपसात म्हणाल्या, "ताई शहरच्या हायत. त्याईले चालते."

ते रुखमाबाईने ऐकलं. घरी आली तर इंदुताई लुगडी घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवत होत्या. "आत्ताच भरायची गरज नाही मावशी, पण खालचं एकदा नीट लावून ठेवते," त्या म्हणाल्या. रुखमाबाई चुलीपुढे बसली. भाताला आधण आलं, उतू गेलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

तिला आपले दिवस आठवत होते. चौदाव्या वर्षी ती या गावात सून होऊन आली. पहाटे अंधारात जायचं, नाहीतर दिवस बुडाल्यावर. मधल्या वेळी जीव गेला तरी जायचं नाही. म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. उन्हात धानाची रोवणी करताना ओठ फुटले तरी घोटभरच. तिला ताप येई, पोटात कळा येत, कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सगळ्याच बायांचं तेच होतं आणि जे सगळ्यांचं असतं त्याला दुखणं म्हणत नाहीत. या मुलींना आयुष्यात पहिल्यांदा एक दार मिळालं होतं, आतून कडी लागणारं. आणि त्या दारापुढे मोर काढून आपणच ते बंद केलं. कशासाठी? तर भैयाजींनी वहाणा काढाव्यात म्हणून. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने चुलीतलं लाकूड विनाकारण आपटलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. ती स्वतः एकदाही तिथे गेली नव्हती. अजून पहाटे नाल्यावरच जात होती. मुलींना ताई शहरच्या वाटत होत्या हे खरं. पण लहान आजी काही शहरची नव्हती.

एवढं कळूनही करायला दोन दिवस लागले. दोनदा तांब्या भरला आणि दोनदा त्यातलं पाणी तुळशीला घातलं. भर दुपारी, शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली भैयाजी अंबाडीची दोरी वळत बसलेले असतात. ज्या दिरासमोर पस्तीस वर्षांत डोक्यावरचा पदर ढळला नाही, त्याच्यासमोरून तांब्या घेऊन जायचं. त्यापेक्षा अस्वल बरं, असं तिला खरोखर वाटलं.

सहाव्या दिवशी सकाळी तिने पुन्हा रांगोळी घातली. इंदुताई बघत राहिल्या. "मावशी, हे काय?"

"राहू द्या ताई," ती म्हणाली, आणि मोर काढला, मोराभोवती वेल काढली, वेलीला फुलं काढली. आजवरची सगळ्यात देखणी रांगोळी झाली. उंबरठ्याला हळदीकुंकूही लावलं.

मधली सुट्टी झाली. मुली रांजणाभोवती जमल्या. रुखमाबाई उठली, तिने पितळी तांब्या रांजणात बुडवून काठोकाठ भरला, आणि तो पदराखाली न झाकता हातात धरून ती निघाली. मागच्या अंगाने जाता आलं असतं. ती पटांगणातून, कडुनिंबासमोरून गेली. तांब्यातलं पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडत होतं. भैयाजींच्या हातातली दोरी थांबल्याचं तिला न बघता कळलं. मुलांचा गलका थांबला. दाराशी आल्यावर तिने खाली पाहिलं. मोर पूर्ण पिसारा फुलवून बसला होता. तिने त्याच्या बरोबर मधे पाय ठेवला, मग दुसरा, हळदीकुंकवाचा उंबरठा ओलांडला आणि आतून कडी लावली.

आत गेल्यावर मात्र पंचाईत झाली. एवढं सगळं गाव बाहेर कान देऊन उभं आहे म्हटल्यावर कुणाला होणार? ती झाकण बाजूला करून बसली आणि काहीच होईना. बाहेर चिडीचूप. आता आपण असंच उठून गेलो तर खोटं बोलल्यासारखं, आणि खोटं ती आजवर देवाशी बोलली होती पण मुलींशी नाही. मग ताटीच्या फटीतून वारा आला, गवताचा वास आला, आणि बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की दुपार आहे, उजेड आहे, आणि तरीही आपल्याला कुणी बघत नाही. कुणी येईल म्हणून उठायचं नाही. काटा नाही, पाचोळ्यात सळसळ नाही. जन्मात असं कधी झालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि पुढचं सगळं आपोआप झालं.

तिने दोन करवंट्या राख टाकली, झाकण लावलं, फळी धुतली आणि दार उघडलं.

मुली होत्या तिथेच, तोंडं उघडी टाकून. मोराची नुसती पांढरी धूळ झाली होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्या बघत होत्या कडुनिंबाकडे. भैयाजी तिथे होते, पण संडासाकडे पाठ करून. बाईमाणूस तांब्या घेऊन निघाल्यावर भल्या माणसाने जशी पाठ करावी तशी त्यांनी केली होती आणि तशाच पाठमोऱ्यानं ते पुन्हा दोरी वळू लागले होते. वळता वळता त्यांनी आवाज दिला.

"सुकरे."

"काय जी आजोबा?"

"तुही लहान आजी बाहेर आली ना?"

"हो जी."

"मंग तू काऊन उभी राह्यली? मांगच्या पोरी खोळंबल्या ना."

सुकरीने एकदा आजोबांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा रुखमाबाईकडे. मग रांजणाजवळचं डबडं उचललं आणि धावतच गेली. तिच्यामागून सोमारी. सोमारीने दाराशी सवयीने हात जोडले, मग आत गेली. घंटा होऊन गेली तरी रांग संपली नाही, आणि इंदुताईंनी पुढचा गणिताचा तास उशिरा सुरू केला.

त्या संध्याकाळी रुखमाबाई भैयाजींच्या अंगणापुढून मान खाली घालून जात होती. भैयाजी बैलाला पेंढा टाकत होते. "बैला," ते म्हणाले, "घरच्या मोठ्या सुनेलेही सांगाव म्हनतो. तिचेही गुडघे दुखतेत. नाल्यावर कायले जाते?" रुखमाबाईला थांबता आलं नाही, कारण तिला रडू येत होतं. पण चालता चालता तिने कुंपणाला सांगून टाकलं, की उजाडल्यावर शाळा भरायच्या आत कुणीही यावं, राख मी भरून ठेवीन.

आठव्या दिवशी गुणवंतराव आले. मधली सुट्टीच चालू होती. त्यांनी बांबू मागवला आणि झाकण उचलायला दारात शिरू लागले, तर मागून कुणीतरी कोटाची बाही ओढली. नऊ वर्षांची सोमारी डबडं घेऊन उभी होती.

"साहेब, बाजूले व्हा. माहा नंबर हाय."

साहेब बाजूला झाले. रांगेतल्या सातही मुली होऊन जाईपर्यंत ते रांजणाजवळ, संडासाकडे पाठ करून, शहाण्यासारखे उभे राहिले. मग आत डोकावले. फळीवर चिखलाचे पाय, राख सांडलेली, भिंतीच्या गेरूला ओले हात पुसलेले, दारातली रांगोळी कुठे होती ते ओळखूही येऊ नये.

"बाई," ते म्हणाले, "मागच्या वेळी काय सुंदर होतं इथे."

"होतं जी," रुखमाबाई म्हणाली. "आता रांगोळी सकाळी घालतो. सुट्टी झाली का तिच्याकडे पाह्यतो. पुसली असन तं ठीक. जशीच्या तशी दिसली, तं समजाचं कोनीतरी पोरगी नाल्यावर गेली. मंग शोधाचं कोन ते."

गुणवंतरावांनी बांबू खाली ठेवला. तो घालायची त्यांना गरज वाटली नाही. वहीत त्यांनी उभ्यानेच चार ओळी लिहिल्या, सही केली आणि इंदुताईंना म्हणाले, "तुम्ही इथेच राहा. चामोर्शीला दुसरी बाई बघतो." मग जरा थांबून रुखमाबाईला म्हणाले, "तिथल्या शाळेतला संडास एकदा बघायला याल का? चालू आहे, पण आत पाय ठेवावासा वाटत नाही."

"येईन जी," ती म्हणाली. "पन रांगोळी नाई घालनार."

इंदुताई मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता त्यांनी सगळ्यांदेखत रुखमाबाईचा राखेने भरलेला हात धरला. रुखमाबाईला काहीतरी बोलायचं होतं. म्हणायचं होतं, की तू गेली असतीस तर मी पुन्हा जमिनीशीच बोलत बसले असते पोरी, आणि आता जमिनीशी काय बोलायचं ते मला आठवत नाही. पण शाळेत त्या ताई होत्या आणि समोर साहेब होते. म्हणून ती एवढंच म्हणाली, "घंटा वाजवा ताई. पोरी आत जाऊ द्या."

घंटा झाली, पटांगण रिकामं झालं. रुखमाबाईने खराटा घेतला आणि ती आत गेली. फळीवर पायच पाय होते. सुकरीचे फताडे, सोमारीचे चिमुकले, कुणाचे अर्धवट, कुणाचे एकात एक मिसळलेले. एवढी घाण करून ठेवली म्हणून आयुष्यभर लोकांना बोलणारी ही बाई खराटा टेकवून त्या पायांकडे बघत राहिली आणि तिला मनापासून बरं वाटलं. मग तिने पदर खोचला आणि कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली, कारण तासाभराने शाळा सुटायची होती आणि घरी जाण्याआधी मुली पुन्हा येणार होत्या.